हातभर सरळ रेघ

आधीच सांगून टाकतो: माझी लेक आणि तिचं बाळ, दोघंही सुखरूप आहेत. बाळ आत्ता शेजारच्या खोलीत भोकाड पसरून रडतंय, आणि त्याची आई त्याला खांद्यावर टाकून फोनवर कुणाशी तरी गणिताबद्दल वाद घालतेय. वाचणाऱ्याचा जीव शेवटपर्यंत टांगणीला लावणारी माणसं मला आवडत नाहीत. मी घड्याळं दुरुस्त करतो. गिऱ्हाईक दारात आलं की आधी "झालंय" म्हणून सांगावं आणि मग काय बिघडलं होतं ते सांगावं, अशी माझी पद्धत आहे. तर झालंय. काय बिघडलं होतं ते मात्र सांगायला मला जड जातं. त्या दिवशी बाळाचा जीव धोक्यात असताना मी त्याच्यापासून दोन हातांवर चाळीस मिनिटं बसून होतो, आणि ती चाळीस मिनिटं मी अगदी खुशीत होतो.

ही खुशी कुठून आली ते कळायला माझं दुकान माहीत असायला हवं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. समोर काउंटर, काउंटरमागे मी, माझ्यामागे भिंतभर घड्याळं, आणि माझ्या उजव्या हाताशी टायमिंग मशीन. हे मशीन फार जुनं आहे, पण माझा त्याच्यावर नातेवाइकांपेक्षा जास्त भरवसा आहे. मनगटी घड्याळ त्याच्या चिमट्यात अडकवलं की ते टिकटिक ऐकतं आणि कागदाच्या लांब पट्टीवर एकेका टिकटिकीचा ठिपका उमटवत जातं. ठिपक्यांची सरळ रेघ आली की घड्याळ ठणठणीत. रेघ तिरकी गेली तर घड्याळ पुढे धावतंय किंवा मागे पडतंय. आणि ठिपके इकडेतिकडे उधळले तर आत काहीतरी बिघडलंय हे नक्की: तेल सुकलंय, दाता झिजलाय, नाहीतर कचरा गेलाय. पंचेचाळीस वर्षं मी या पट्ट्या वाचतोय. दुरुस्त झालेल्या घड्याळाची पट्टी फाडून मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो, "हा घ्या तुमच्या घड्याळाच्या चांगल्या वागणुकीचा दाखला." या विनोदाला माझी बायको पंचेचाळीस वर्षांत एकदाही हसलेली नाही.

अशा दुकानात वाढलेली माझी एकुलती एक मुलगी. तिला आम्ही ठकू म्हणतो. कॉलेजात गणित शिकवते, आणि तिचा खास विषय आहे केऑस थिअरी. मी त्याला गोंधळशास्त्र म्हणतो. बापाने जन्मभर टिकटिक सरळ रेघेत आणण्यासाठी डोळे फोडून घ्यायचे आणि पोरीने जे कधीच सरळ रेघेत येत नाही त्याच्यावर पगार घ्यायचा, हे मला बरीच वर्षं पचलं नव्हतं.

"बाबा, गोंधळ नाही हो तो," ती म्हणायची. "गोंधळाला नियम नसतात. याला असतात. अगदी साधे असतात, चार ओळींत मावतील असे. पण सुरुवातीला केसाएवढा जरी फरक पडला, तरी पुढे तो फरक वाढत वाढत इतका होतो, की आधी काही सांगता येत नाही."

"म्हणजे गोंधळच की."

"तुम्हाला समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे."

"भिंतीवरची घड्याळं ऐकतायत. बोल तू."

तिच्याकडे माणसंही एकेक नमुनेदार यायची. हवामान खात्यातला एक उंच गृहस्थ यायचा. तो एकच अंदाज पन्नास वेळा काढायचा, दर वेळी सुरुवातीचे आकडे मुद्दाम किंचित हलवून. पन्नासही उत्तरं साधारण सारखी आली तर छातीठोकपणे सांगायचा, आणि पन्नास दिशांना पांगली तर गुळमुळीत बोलायचा. मला तो मनापासून आवडला, कारण आपल्याला काय कळत नाही हे मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. दुसरा एक तळ्यातले मासे मोजायचा. त्याच्या तळ्यात एका वर्षी मासे मावेनात, पुढच्या वर्षी शोधून सापडेनात, आणि तो बिचारा पाण्यात कोण विष टाकतंय ते हुडकत होता. ठकूने त्याला वहीत दाखवलं की कुणीही काही न टाकता, एकाच साध्या नियमाने मासे असे वरखाली होऊ शकतात. तो आमच्या सोफ्यावर बसून इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला. दोन वर्षं तो आपल्या शेजाऱ्यावर संशय घेत होता म्हणे.

एकदा ती माझ्याकडेच काम घेऊन आली. वर्गात दाखवायला तिला लंबक हवा होता, पण साधा नाही. एका लंबकाच्या टोकाला दुसरा लंबक टांगलेला.

"पितळेचा करा," ती म्हणाली. "आणि बेअरिंग तुमच्या हातची."

मी आठ दिवसांत करून दिला असता, पण झालं असं, की तो कधी दोनदा सारखा झुलेना. एका जागेवरून सोडला, की पहिले दोन-तीन झोके तसेच, आणि मग खालचा दांडा मनाला येईल तसा कोलांट्या घ्यायचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी थबकून एकदम उलटा. मला वाटलं, माझा हात थरथरतो. म्हणून सोडायला खटका बसवला. तरी तेच. मग बेअरिंग बदलली, दांडे पुन्हा घासले, खाली जाड फरशी ठेवली, पंखा बंद केला. तीन आठवडे मी दुसरं काम हातात धरलं नाही. जेवताना बोलेनासा झालो. शेवटी बायकोने ठकूला फोन केला की ये आणि बापाला सोडव.

ठकू आली, तिने तो झुलताना पाहिला आणि टाळ्याच वाजवल्या. "बाबा, सुंदर झालाय! हा असाच चालायचा असतो!"

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

मग माझ्या शेजारी स्टुलावर बसून तिने समजावलं. खटक्यावर तेलाचा एक थेंब कमी-जास्त झाला, खोली जराशी तापली, तरी बस होतं. तो फरक मला दिसणार नाही, माझ्या भिंगालाही दिसणार नाही, पण लंबकाला तो पुरतो. "तुमची कारागिरी कमी पडत नाहीये," ती म्हणाली. "कुणाचीही कमीच पडेल. हा कुठे जाईल ते सांगता येत नाही. कुठे जाणार नाही ते मात्र सांगता येतं. तो दांड्याच्या लांबीबाहेर कधीच जाणार नाही." हे ऐकून मला बरं वाटलं. तीन आठवड्यांचं ओझं उतरलं, आणि त्या रात्री मी दोन घास जास्त जेवलो.

तेव्हा ती पोटुशी होती. सातवा संपत आला होता. निघताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणालो, "तुझ्या बाळाचं काळीज माझ्या घड्याळासारखं चालू दे."

ती गर्रकन वळली. "नको हो बाबा! तसला आशीर्वाद नको."

मी चाट पडलो. ती हसत होती, पण बोलणं खरं होतं. तिच्याकडे हृदयाची एक डॉक्टरीणबाई यायची, तिच्याबरोबर ती ठोक्यांच्या आकड्यांवर काम करत होती. निरोगी हृदयाचे ठोके कधीच काटेकोर नसतात म्हणे. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत कमी-जास्त होत असतं, कारण शरीर प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला उत्तर देत असतं. "त्याला केऑस म्हणावं की नाही, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. पण फार एकसारखं चालायला लागलेलं हृदय हे चांगलं लक्षण नाही, याबद्दल कुणाचं भांडण नाही."

बापाचा आशीर्वाद परत करणारी पोर मी पहिल्यांदाच बघत होतो. मी दोन दिवस फुगून बसलो. तिने सांगितलेलं डोक्यात गेलं, पण तिथेच कुठेतरी कोपऱ्यात पडून राहिलं. राग आला की मला असं होतं. ऐकू येतं, पोचत नाही.

नववा लागला आणि ठकू आमच्याकडे राहायला आली. जावई दुसऱ्या शहरात पूल बांधत होते, ते पुढच्या आठवड्यात येणार होते. एका सकाळी ती चहा न घेताच बसून राहिली. म्हणाली, "बाळ आज हलत नाहीये नीट." बायकोने पायांत चपला सरकवल्या. आम्ही तिघं रिक्षाने हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

खोली लहान आणि स्वच्छ होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीला हिरवा पडदा. सिस्टरने ठकूच्या पोटावर दोन पट्टे बांधले आणि त्यांच्या वायरी एका मशीनला जोडल्या. मशीनने आकडा दाखवला, एकशे बेचाळीस, आणि कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येऊ लागली. मला हसूच आलं. मी बायकोला म्हटलं, "अगं, हे तर आपल्या दुकानातलंच मशीन."

"वरची रेघ बाळाच्या ठोक्यांची," सिस्टर म्हणाली. ती तिशीची असेल, बोलणं भराभर, पण हात शांत. "आकडा फार खाली गेला किंवा फार वर गेला, तर मशीन ओरडेल. काही वाटलं तर काका, हे बटण दाबा."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. काळजीचं काही दिसत नाही, पण दिवसभर ठेवून घेऊ म्हणाल्या. बायको कपड्यांची पिशवी आणायला घरी गेली. ठकू डाव्या कुशीवर वळली. मशीन तिच्या पाठीमागे आलं. रात्रभर ती झोपलेली नव्हती, त्यामुळे लगेच तिचा डोळा लागला. आता पट्टीजवळ मी एकटा होतो.

मी पट्टी बघितली. रेघ कसली, नुसता करवतीचा दात! एकशे अडतीस, एकशे एक्केचाळीस, एकशे चौतीस, मध्येच एकदम एकशे छप्पन्न, परत खाली. असली पट्टी माझ्या दुकानात आली असती तर मी ते घड्याळ उघडायच्या आधीच मान हलवली असती. मी बटण दाबलं.

सिस्टर आली, पट्टी बघितली, म्हणाली, "छान आहे काका. काही काळजी नाही."

पाच मिनिटांनी रेघ पुन्हा उसळली. मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी ती जरा वैतागली. "अहो काका, सगळं नॉर्मल आहे. शेजारी एकीची वेळ भरत आलीय, मला तिथे थांबायचंय. उगाच बटण दाबू नका हं."

मी ओशाळलो. पण पटलं मात्र नाही. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला मीही "काही नाही हो, होईल ठीक" असंच सांगतो आणि मग आत जाऊन कपाळाला हात लावतो. मला वाटलं, ही माझी समजूत काढतेय.

आणि मग रेघ सुधारू लागली. करवतीचे दात बोथट होत गेले, उड्या थांबल्या, आकडा एकशे बेचाळीसवर येऊन बसला. एकशे बेचाळीस. एकशे बेचाळीस. एकशे एक्केचाळीस. एकशे बेचाळीस. पट्टीवर सरळ रेघ येऊ लागली, जशी काही फूटपट्टी लावून ओढलेली. मशीन गप्प होतं, कारण आकडा ठरलेल्या हद्दीतच होता. माझा जीव भांड्यात पडला. मी बायकोला फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं, "सगळं सुरळीत झालंय बघ. घाई करू नकोस. वाटेत काही खाऊन घे." मग मी खुर्ची पुढे ओढली, पाय लांब केले आणि पट्टी हातात घेऊन बसलो. पोरीचा श्वास ऐकू येत होता. पडद्यातून ऊन येत होतं. इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

किती तरी वेळ मी तसाच बसलो. मग सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. रेघ किती सरळ आहे ते बघायचं होतं, एवढंच. कौतुकच करायचं होतं. भिंगातून बघत बघत मी पट्टी मागे मागे सरकवत गेलो आणि जिथे करवतीचे दात संपून सरळ रेघ सुरू होत होती तिथे थांबलो. तिथे माझ्यातल्या कारागिराला एक प्रश्न पडला: दुरुस्ती कुणी केली?

ठिपके उधळणारं घड्याळ आपोआप सरळ रेघेत आलेलं मी पंचेचाळीस वर्षांत एकदाही बघितलेलं नाही. ते उघडावं लागतं, धुवावं लागतं, तेल द्यावं लागतं. इथे कुणी कशाला हात लावला नव्हता. मग हे सुधारलं कसं? आणि सुधारलं नसेल, तर हे झालंय काय? त्याच क्षणी ठकूचं ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं. तसला आशीर्वाद नको.

 पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा होत्या, मिनिटाला एक. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता सरळ रेघ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरली. हातभर भरली. म्हणजे चाळीस मिनिटं. मी बटण दाबलं, आणि दाबूनच धरलं.

सिस्टर दारातूनच बोलत आली, "काका, तुम्हाला मी सांगितलं ना—" आणि तिची नजर पट्टीवर गेली.  तिने पट्टी दोन्ही हातांत घेऊन भराभर मागे ओढली.

"कधीपासून?"

"चाळीस मिनिटं."

तिने ठकूला हलवून जागं केलं आणि दुसऱ्या कुशीवर वळवलं. पोट दोन्ही हातांनी धरून हलवलं. एक लहानसं गुणगुणणारं यंत्र आणून पोटावर टेकवलं. "उठ रे बाळा, उठ," ती म्हणत होती. रेघ हलली नाही. मग हलली, पण खाली. एकशे दहा, शंभर, नव्वद. आता मशीन ओरडायला लागलं.

ठकूने मान वळवून पट्टी बघितली. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं माझ्या तळव्यात रुतली. "बाबा, डॉक्टरांना म्हणावं लगेच करा. जे करायचं ते लगेच."

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाई आल्या, एका नजरेत बघितलं, ठकूने पडल्या पडल्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली, पलंगाला चाकं होती ती खडखडली, आणि मी बोळात उभा राहिलो. बायको पिशवी घेऊन आली. माझ्या फोनमुळे ती खरंच कुठेतरी थांबून चहा पिऊन आली होती. माझं तोंड बघून तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या दंडाला धरलं. मी आयुष्यभर मिनिटं विकून जगलो, पण त्या बोळातलं एक मिनिटही मला पुढे ढकलता येत नव्हतं.

मग दाराआडून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, तुटक. बायको मटकन बाकावर बसली. मी भिंतीला टेकलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता माझ्या नाकातून पाणी वाहायला लागलं.

"नाळेला गाठ पडली होती," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "ती आवळत चालली होती. झोपेतही बाळाची रेघ अशी सपाट होते, म्हणून थोडा वेळ थांबता येतं. पण इतका वेळ झाला की बघावंच लागतं. आणखी अर्धा तास गेला असता तर मी कसलीच खात्री देऊ शकले नसते. कुणी बोलावलं सिस्टरना?"

"काकांनी," सिस्टर म्हणाली. "मशीन ओरडायच्या आधी."

झालं! मी हिरो झालो. संध्याकाळी जावई धापा टाकत आले, त्यांनी पुढे होऊन माझे पाय धरले. बायको शेजारणीला फोनवर सांगत होती, "आमच्या ह्यांची नजरच तशी बारीक." पंचेचाळीस वर्षांत तिने माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते मला गिळता येईना. ज्या माणसाने हातभर पट्टी कौतुकाने बघितली त्याचे पाय धरत होते सगळे. 

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. ठकू उशीला टेकून बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. मी दार लोटून घेतलं.

"ठकू, तुझ्या बाळाला मी वाचवलं नाही."

"काय?"

"रेघ सरळ झाली तेव्हा मला आनंद झाला. मला वाटलं, बाळ दुरुस्त झालं. तुझ्या आईला फोन करून सावकाश ये म्हणून सांगितलं. चाळीस मिनिटं मी पाय पसरून बसलो होतो. तू मला आधी सांगितलं होतंस, आणि तरी."

ती बाळाच्या टोपड्याची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "पट्टी वाचली मी. परवाच मागून घेतली. रेघ कुठे सरळ झाली ते दिसतं त्यावर, आणि सिस्टरने बटणाची वेळ लिहून ठेवलीय."

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता. कालचा सगळा दिवस होता. तुम्ही लोकांकडून कौतुक करून घेत होता, तेव्हा जास्तच." तिने माझ्याकडे बघितलं. "आज नाहीये."

मी म्हटलं, "चाळीस मिनिटं आधी दाबलं असतं मी बटण, तर एवढी वेळच आली नसती."

"कशावरून? आधी दाबलं असतं तर सिस्टर आली असती, बाळ झोपलंय म्हणाली असती, आणि ते बरोबरच ठरलं असतं. तुम्ही तिसऱ्यांदा ओशाळला असता. मग चौथ्यांदा दाबलं असतं का?"

मी खरं उत्तर दिलं. "नसतं दाबलं."

"कदाचित दाबलंही असतं. मला माहीत नाही, बाबा, आणि माझा धंदाच हा आहे. मागे जाऊन एक मिनिट हलवलं की पुढचं सगळंच हलतं. ते आपल्या बाजूनेच हलेल, असं कुणी लिहून देणार नाही. तुम्ही त्या चाळीस मिनिटांचा हिशोब मांडत बसलात तर जन्मभर बसाल, उत्तर येणार नाही. आलेलं उत्तर हे इथे आहे. घ्या जरा, माझा हात अवघडलाय."

तिने बाळ माझ्या छातीवर ठेवलं. तोपर्यंत मी त्याला घेतलं नव्हतं. दोन दिवस काही ना काही सबब सांगून टाळत होतो. ते उबदार होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा वजनदार होतं. त्याचं नाक माझ्या सदऱ्याच्या गुंडीला लागलं, त्याने तोंड वाकडं केलं आणि ते झोपी गेलं. दोन श्वास भराभर आले. मग एक लांब. मग आलाच नाही. एक, दोन, तीन, चार. 

"ठकू! हा थांबलाय!"

"थांबतो तो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "नवी बाळं असाच श्वास घेतात. काल मीही घाबरले होते, सिस्टरने सांगितलं. थोडं थांबा, घेईल."

त्याने घेतला. एकदम खोल घेतला, त्याचं सगळं पोट माझ्या हाताखाली वर आलं, आणि मागोमाग तीन-चार लहान लहान. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं, कारण दोन्ही हात अडकलेले होते. पुढचा श्वास केव्हा येणार ते मला माहीत नव्हतं. मी मोजलं नाही. तो आला.